पांढऱ्याची झाक : भिंतीच्या रंगाची निवड आणि मराठीतील रंगशब्द

घरातील एखादी खोली रंगवून घ्यावयाची असली म्हणजे पांढऱ्याच्या आसपासच्या चार-सहा रंगांतून एकाची निवड करण्याचा प्रसंग येतो. आणि तांबडे की निळे याचा निर्णय ज्यांना क्षणात करता येतो, अशी माणसेही या ठिकाणी आठवडे घालवितात. दुकानात मनास आलेला रंग भिंतीवर लागताच हिरवट वाटू लागतो, शेजारच्या घरी शोभणारा आपल्या घरी मळका दिसतो, आणि शेवटी रंगाऱ्याने दिलेल्या दोन हातांवर तिसरा हात देण्याची वेळ येते. ही अडचण रुचीची आहे असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः तिचा रुचीशी संबंध अल्प आहे. परस्परांना अत्यंत निकट असलेल्या वस्तूंची तुलना डोळा कशी करतो आणि त्या तुलनेचे फलित भाषा कोणत्या शब्दांत साठविते, या दोन प्रश्नांच्या संधीवर ही अडचण उभी आहे. म्हणून ती रंगशास्त्राइतकीच भाषाशास्त्राच्याही कक्षेत येते.

प्रथम शब्दाचा विचार करणे सोयीचे होईल. मराठीतील ‘पांढरा’ हा शब्द संस्कृतातील पाण्डर-पाण्डुर या कुळातला आहे. अमरकोशात शुक्ल वर्णाचे तेरा पर्याय एकत्र दिलेले आहेत. त्यांत श्वेत, शुभ्र, सित, धवल, अवदात, वलक्ष, अर्जुन इत्यादींच्या पंक्तीला ‘पाण्डर’ बसविलेला आहे. परंतु ‘पाण्डुर’ आणि ‘पाण्डु’ हे शब्द मात्र लगेच पुढे वेगळे काढून त्यांना पिवळसर पांढऱ्याचा अर्थ दिलेला आहे, आणि त्याहीपेक्षा किंचित् पांडुर अशा वर्णाला ‘धूसर’ म्हटलेले आहे. म्हणजे शुद्ध पांढरा आणि पिवळी झाक असलेला पांढरा यांतील भेद कोशकाराने एका स्वराच्या फरकावर तोलून धरला आहे. बोलणाऱ्यांनी तो तसाच जपला असेल असे मानणे कठीण आहे. पांडुरोगातील पांडुत्व फिकटपणाचे आहे, दुधाचे नव्हे. ‘गौर’ शब्दाची कथा याहून बोलकी आहे : तो पांढऱ्याच्या तेरा पर्यायांत तर आहेच, परंतु अनेकार्थ शब्दांच्या वर्गात त्याच कोशाने त्याला पांढरा, पिवळा आणि तांबूस असे तीन अर्थ दिले आहेत, आणि त्यातून आलेला मराठी ‘गोरा’ आज कातडीपलीकडे कशालाच लागत नाही. फारसीतून आलेला ‘सफेद’ हा तर ‘श्वेत’ शब्दाचा दूरचा भाऊच होय. भिंतीच्या संदर्भात तो ‘सफेती’ या नामरूपाने स्थिरावला. तात्पर्य, ज्या शब्दाला आज ‘शुद्ध पांढरा’ या अर्थाचे माप म्हणून वापरले जाते, तो शब्द स्वतः कुळाने झाक असलेला आहे.

घराच्या भिंतीशी या शब्दाचे नाते आणखी एका वाटेने जुने आहे. महाराष्ट्राच्या देशावरील गावांत ‘काळी’ म्हणजे पिकाची जमीन आणि ‘पांढरी’ किंवा ‘पांढर’ म्हणजे वस्तीची जागा, ही जोडी सर्वपरिचित आहे. या पांढरीची माती काही खडूसारखी पांढरी नसते. ती राखट, भुरकट, उन्हात फिकी दिसणारी माती असते. काळीच्या शेजारी ठेवली म्हणूनच ती पांढरी. गढ्यांच्या भिंती आणि धाब्याची छपरे याच मातीने घातली जात. आज शेड कार्डावर ज्याला पंचवीस निरनिराळी नावे दिलेली असतात, तो फिका, किंचित् मातकट, ‘नुसता पांढरा नव्हे’ असा रंग मराठी घराच्या भिंतीवर शेड कार्डाच्या पुष्कळ आधीपासून होता, आणि त्याला पांढरा याखेरीज दुसरे नाव देण्याची गरज कोणास भासली नाही. सोस्यूरच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानसंग्रहात चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांशी असलेल्या विरोधातून येते असे जे प्रतिपादन आहे, त्याला याहून घरगुती उदाहरण शोधण्याचे कारण नाही.

निकटच्या पांढऱ्यांत भेद करण्यासाठी मराठीजवळ मूळ शब्द नसले तरी साधने आहेत, आणि ती प्रत्ययांत आहेत. पिवळसर, निळसर, लालसर, पिवळट, हिरवट, काळपट, तांबूस, पांढुरका : अशी ही मालिका आहे. यांपैकी ‘-सर’ आणि ‘-ट’ हे दोन प्रत्यय बहुधा समानार्थी म्हणून शिकविले जातात. तसे ते नाहीत. ओलसर, गोडसर या शब्दांत ‘-सर’ केवळ अल्पत्व दाखवितो. उलट मळकट, कळकट, तेलकट, मातकट या शब्दांच्या संगतीमुळे ‘-ट’ला नापसंतीचा वास लागलेला आहे. भिंत ‘पिवळसर’ आहे असे म्हणणारा वर्णन करीत असतो. ती ‘पिवळट’ आहे असे म्हणणारा तक्रार करीत असतो. तीव्रतादर्शक जोडशब्दांचेही असेच. ‘पांढराशुभ्र’ ही स्तुती होय, ‘पांढराफटक’ ही नव्हे. भीतीने किंवा आजाराने चेहरा पांढराफटक पडतो, पांढराशुभ्र पडत नाही. एकाच भिंतीला हे दोन्ही शब्द लावता येतात, आणि मोजमाप केले तर आकड्यांत कसलाही फरक आढळणार नाही. तेव्हा रंग निवडताना घरातल्या दोन माणसांचा वाद झाला तर तो प्रथम प्रत्ययांचा वाद आहे की रंगाचा, हे पाहून घेणे उपयोगाचे असते.

या चर्चेत दोन शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवले पाहिजेत : छटा आणि झाक. छटा ही रंगाची स्वतःचीच एक पायरी होय. गडद निळा आणि फिका निळा या निळ्याच्या छटा. झाक ही परक्या रंगाची असते; पांढरा ‘हिरवी झाक मारतो’ असेच म्हटले जाते, ‘हिरवी छटा मारतो’ असे कोणी म्हणत नाही. फिक्या उदासीन रंगांची निवड ही जवळजवळ संपूर्णपणे झाकेची निवड असते. आल्बर्ट मन्सेल याने १९०५ साली मांडलेल्या पद्धतीत रंगाची तीन परिमाणे आहेत : वर्ण, उजळपणा आणि गाढता. ५ वाय ९/१ अशा संकेताचा अर्थ असा की वर्ण पिवळ्याच्या मध्याचा, उजळपणा दहापैकी नऊ, आणि गाढता केवळ एक. भिंतीसाठी पुढ्यात आलेल्या सहा नमुन्यांत उजळपणा बहुधा जवळजवळ सारखाच असतो, गाढता शून्य ते दीड-दोन यांच्या दरम्यान हलते, आणि वर्ण मात्र पिवळ्यापासून निळ्यापर्यंत कोठेही असू शकतो. डोळा गाढता इतकी अल्प असताना वर्ण सहज ओळखीत नाही. परंतु एकदा ओळखला की तो विसरूही शकत नाही. ‘उदासीन’ या पारिभाषिक शब्दाविषयी जाता जाता एवढेच की, त्याला दुःखाचा अर्थ बोलभाषेने नंतर चिकटविला. बाजूला, अलिप्त बसलेला हा त्याचा मूळ अर्थ येथे अगदी नेमका आहे. दुर्दैव इतकेच की, दुकानात मिळणारा कोणताही ‘उदासीन’ रंग पुरता अलिप्त नसतो.

याचे कारण रंगद्रव्यांत आहे. चुन्याच्या सफेतीत थोडी नीळ घालण्याची जुनी रीत सर्वांना ठाऊक आहे. नीळ घातल्याने भिंतीवरून परतणारा एकूण प्रकाश वाढत नाही, उलट कमीच होतो; परंतु चुन्यातील पिवळी झाक मारली जाते आणि भिंत अधिक पांढरी भासते. आजच्या रंगांत चुन्याची आणि शिशाच्या सफेद्याची जागा टायटॅनियम डायऑक्साइडने घेतली आहे. त्याचा जो प्रकार रंगांत मुख्यतः वापरतात तो जांभळ्या टोकाचा प्रकाश थोडा शोषून घेतो, म्हणून त्याचीही झाक किंचित् पिवळीच असते. कारखानदार ती निळ्या-जांभळ्याच्या किंवा काळ्याच्या लेशाने दुरुस्त करतो. अशा रीतीने ‘पांढरा’ हा डब्यातच एक तडजोड म्हणून जन्मास येतो, आणि प्रत्येक उत्पादकाची तडजोड वेगळी असते.

या तडजोडींना नावे देण्याचे काम व्यापाराने आपल्याकडे घेतले आहे. मराठीत वस्तूवरून रंगाचे नाव करण्याची परंपरा जुनी व समृद्ध आहे : मोतिया, हस्तिदंती, बदामी, दुधी, चंदनी, राखी, आणि ‘खाक’ म्हणजे धूळ या फारसी शब्दावरून खाकी. परंतु या शब्दांचे वर्तन पाहिले तर ते निवडीस फारसे साहाय्य करीत नाहीत असे दिसते. मोत्याचे वैशिष्ट्य त्याच्या वर्णात नसून पाण्यात आहे, आणि ते गिलाव्यावर उतरणे शक्य नाही. हस्तिदंत वयाबरोबर पिवळा होतो. तेव्हा हस्तिदंती म्हणजे कितव्या वर्षीचा? बदामी हा रंग सालीचा की सोललेल्या गराचा, याविषयी दोन मराठी माणसांचे एकमत होईलच असे नाही. असे शब्द साडीच्या बाबतीत पुरेसे होतात, कारण तेथे बदामी आणि जांभळा यांत निवड असते; बदामी आणि त्याहून अर्धा गुंज फिका बदामी यांत नसते. केली आणि जड यांनी १९५५ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या रंगनामांच्या कोशात सर्व दृश्य रंगांचे २६७ विभाग पाडले आहेत. त्यांत पांढऱ्याच्या वाट्याला फक्त सहा आले : पांढरा, गुलाबीसर, पिवळसर, हिरवट, निळसर आणि जांभळट पांढरा. बाजारात पांढरे म्हणून विकले जाणारे असंख्य रंग या सहा कप्प्यांत दाटीवाटीने बसतात, आणि त्यांतील बहुसंख्य एकट्या ‘पिवळसर पांढरा’ या कप्प्यात. भारतीय मानक क्रमांक ५ मध्ये रंगाच्या नावाबरोबर क्रमांकही दिलेला असतो, तो याच जाणिवेने. नाव हे ग्राहकासाठी, क्रमांक डब्यासाठी.

येथे एक जुना भाषाशास्त्रीय वाद उपस्थित होतो. ज्या भेदाला शब्द नाही तो भेद मनुष्याला जाणवतो काय? रॉजर ब्राउन आणि एरिक लेनेबर्ग यांनी १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २४ रंग घेऊन प्रथम त्यांना नाव देणे किती सुलभ आहे ते पाहिले. नंतर काही रंग थोडा वेळ दाखवून, ते १२० रंगांच्या तक्त्यातून ओळखावयास सांगितले. ज्या रंगांना इंग्रजी बोलणारे झटकन, एका शब्दात आणि एकमताने नाव देतात ते रंग अधिक अचूक ओळखले गेले. आणि दाखविणे व ओळखणे यांतील अंतर जसे वाढले तसा हा संबंध अधिक दृढ झाला. लेनेबर्ग व रॉबर्ट्स यांनी १९५६ साली झुनी भाषिकांवर केलेले काम याला पूरक आहे : पिवळा व नारिंगी यांना त्या भाषेत एकच शब्द असल्याने, केवळ झुनी बोलणाऱ्यांनी ओळखताना या दोन रंगांत वारंवार गफलत केली. १९६९ साली बर्लिन आणि के यांच्या ग्रंथाने वाऱ्याची दिशा पालटली. ९८ भाषांच्या आधारे त्यांनी असे मांडले की मूळ रंगशब्दांची संख्या अकराच्या आत असते, काळा आणि पांढरा यांना शब्द नाही अशी भाषाच नाही, आणि इतर रंग ठराविक क्रमाने येतात. पुढील संशोधनाने या क्रमाला बऱ्याच दुरुस्त्या सुचविल्या आहेत. परंतु पांढऱ्याचे स्थान अबाधित राहिले.

प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे काम पॉल के व विलेट केम्प्टन यांचे आहे. १९८४ साली त्यांनी दाखविले की हिरवा व निळा यांच्या सीमेवरील रंगांत इंग्रजी भाषक प्रत्यक्षाहून अधिक अंतर पाहतात, तर या दोहोंना एकच शब्द असलेले ताराहुमारा भाषक तसे पाहत नाहीत. परंतु मांडणी अशी बदलली की मनातल्या मनात नाव देण्याची युक्ती निरुपयोगी व्हावी, तर इंग्रजी भाषकांतील ही अतिशयोक्ती नाहीशी झाली. २००७ साली रशियन भाषकांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष याच जातीचा आहे. रशियनमध्ये गडद व फिक्या निळ्याला दोन स्वतंत्र मूळ शब्द आहेत, आणि त्या सीमेच्या दोन बाजूंचे रंग रशियन लोक अधिक वेगाने वेगळे करतात. मात्र त्याच वेळी त्यांना मनात अंक घोळवावयास लावले की हा लाभ संपतो. म्हणजे भाषा डोळ्यात बसलेली नसून डोळ्याच्या शेजारी बसलेली आहे. तिचे काम आठवणीत आणि घाईच्या निर्णयात ती करते. दोन रंग पुढ्यात निवांत ठेवले असता ती बरीचशी बाजूला सरते.

मराठी भाषकाला यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील दोन च निराळे आहेत हे कोणालाही उच्चारात चुकत नाही, पण लिपी त्यांना एकच अक्षर देते, आणि विचारल्याखेरीज बहुतेकांना त्यांचे द्वैत सुचतही नाही. दोन शब्द लागोपाठ उच्चारून दाखविले की ते क्षणात पटते. पांढऱ्यांचे असेच आहे. दुकानात पाहिलेला नमुना घरी येईपर्यंत आठवणीत ‘पिवळसर पांढरा’ एवढाच उरतो. घरच्या भिंतीवरील दुसरा पिवळसर पांढराही त्या नावाशी जुळतो, आणि दोन्ही एकच असल्याचा भास होतो. एका वेळी एक नमुना पाहून, आठवणीवर विसंबून, फिक्या रंगांची निवड करणे हे जवळजवळ अशक्य कोटीतील काम आहे.

निकट ठेवून तुलना केली तरी एक तार्किक अडचण शिल्लक राहते. क आणि ख यांत डोळ्याला फरक दिसत नाही, ख आणि ग यांतही दिसत नाही. परंतु क आणि ग यांत दिसतो. समानता संक्रामक नसण्याचा हा प्रकार तत्त्वज्ञांना ढिगाऱ्याच्या कूटातून परिचित आहे, आणि शेड कार्डावर तो रोजचा आहे. १९७६ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने रंगांतील अंतर मोजण्याचे जे सूत्र स्वीकारले, त्यात सुमारे एक एकक हे अंतर अनुकूल परिस्थितीत, नमुने कडेला कड लावून ठेवले असता, जेमतेम ओळखू येते असे स्थूलमानाने धरतात. पण ते सूत्र करड्याच्या आसपास विशेषतः अपुरे ठरले; तेथे डोळा सूत्राच्या अपेक्षेहून अधिक चोखंदळ आढळला. २००० सालच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुधारित सूत्रात उदासीन रंगांसाठी मुद्दाम दुरुस्ती घालावी लागली ती यामुळे. गृहिणीला जे ‘उगाच’ म्हणून ऐकवले जाते, ते सूत्राला मान्य करावे लागले असे म्हणावयास हरकत नाही.

आता खोलीत प्रवेश केला पाहिजे, कारण रंगाचा नमुना आणि रंगविलेली खोली या एकाच रंगाच्या दोन अवस्था नसून प्रकाशाच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत. खोलीत एका भिंतीवरून परतलेला प्रकाश दुसरीवर पडतो, तेथून तिसरीवर. समजा, एखादा फिका रंग पिवळ्या भागातील ८५ टक्के आणि निळ्या भागातील ७५ टक्के प्रकाश परतवितो. नमुन्याच्या कागदावरून प्रकाश एकदाच परततो, तेव्हा पिवळ्याचे निळ्याशी प्रमाण १.१३ पडते. सर्व बाजूंनी त्याच रंगाने बंद केलेल्या पोकळीत मात्र परतण्यांची बेरीज घ्यावी लागते, ०.८५ ला ०.१५ ने भागून ५.६७ आणि ०.७५ ला ०.२५ ने भागून ३ येतात, म्हणजे प्रमाण १.८९ होते. खऱ्या खोलीत खिडक्या, दारे, कपाटे, माणसे पुष्कळ प्रकाश गिळतात, त्यामुळे वाढ इतकी होत नाही. पण दिशा हीच असते. कागदावर जेमतेम जाणवणारी झाक खोलीत बोलू लागते, ती याच गुणाकाराने. म्हणून सहापैकी जो नमुना ‘अगदीच पांढरा, काहीच नसलेला’ म्हणून बाजूला टाकला जातो, तोच अनेकदा भिंतीवर अपेक्षित रंग दाखवितो. आणि कागदावर जो अपेक्षित वाटतो तो भिंतीवर लोण्यासारखा पिवळा होतो.

दुसरी गोष्ट शेजाराची. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख असलेल्या शेव्ह्रलकडे विणकाम्यांनी काळा रंग उतरत नाही अशी तक्रार केली, तेव्हा दोष रंगात नसून शेजारच्या धाग्यांत आहे हे त्याने ओळखले, आणि १८३९ साली युगपत् विरोधाचा नियम सविस्तर मांडला. फिके रंग या नियमाला सर्वांत अधिक बळी पडतात. छत निळसर पांढरे ठेवून भिंतीला पिवळसर पांढरा दिला तर दोन्ही झाका एकमेकींना चढवितात. दाराची चौकट शुभ्र असेल तर भिंत मळकी, चौकट सागवानी असेल तर तीच भिंत थंड दिसते. शेड कार्डावरील नमुन्याच्या शेजारी तर आणखी पन्नास नमुने असतात. तेथे पाहिलेला रंग हा पन्नास शेजाऱ्यांनी मिळून दाखविलेला रंग होय.

तिसरी गोष्ट प्रकाशाची, आणि येथे पाश्चात्त्य पुस्तकांतील नियम जसेच्या तसे उचलणे योग्य नाही. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन कधीच येत नाही, प्रकाश निळसर असतो, म्हणून तेथे उबदार झाकेचा रंग द्यावा, हा त्या पुस्तकांतील पहिला नियम. तो युरोपच्या अक्षांशावर बेतलेला आहे. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर सूर्य मेच्या मध्याच्या सुमारास डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो आणि जुलैच्या अखेरीस परत येतो. उन्हाळ्यात त्याचा उदय व अस्तही उत्तरेकडे कललेला असतो, आणि उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन शिरते. पुढे पावसाळ्यात आकाश करडे होते आणि खिडकीबाहेरची झाडी हिरवा प्रकाश आत टाकते. कोकणात अंगणातील तांबडी माती भिंतीच्या वरच्या भागावर आणि छतावर लालसर प्रकाश फेकते. घरातील फरशीचे असेच : शहाबादी फरशी करडी, कोट्याची हिरवट, तिच्यावरून परतलेला प्रकाश भिंतीचा खालचा भाग रंगवितो. ज्या पांढऱ्याला हिरवट म्हणून नाकारले जाते, त्याचा हिरवेपणा डब्यातून आलेला नसून पुष्कळदा जमिनीवरून वर आलेला असतो, आणि रंग बदलून तो जात नाही.

रात्री दिव्याचा प्रश्न येतो. जुन्या तंतूच्या दिव्याचा प्रकाश सुमारे २७०० केल्विनचा, पिवळा; आज घरोघरी लागणाऱ्या पांढऱ्या एलईडी नळ्या बहुधा ६५०० केल्विनच्या. डोळा दोन्हींशी जुळवून घेतो, पण जुळवणी पूर्ण होत नाही. शिवाय, दोन रंग एका प्रकाशात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात असेही घडते, कारण एक करडा काळ्याच्या लेशाने तर दुसरा परस्परपूरक रंगद्रव्यांच्या मिश्रणाने साधलेला असतो. डोळा प्रकाशाविषयी न कळत केलेल्या गृहीतावर पांढरेपणा ठरवितो, याचे जगाला झालेले सर्वांत मोठे प्रात्यक्षिक २०१५ सालचे : एका पोशाखाचे छायाचित्र पाहून काहींना तो निळा-काळा, तर काहींना पांढरा-सोनेरी दिसला, आणि दोन्ही पक्षांना समोरचा पक्ष थट्टा करीत आहे असे वाटले. प्रत्यक्षातील पोशाख निळा व काळा होता.

या सर्वांतून निवडीची जी रीत निघते ती परिणामी एखाद्या क्षेत्रीय भाषाशास्त्रज्ञाने ध्वनींचे नमुने गोळा करावे तशी आहे. नमुने एकेकटे न पाहता जोड्यांनी पाहावेत; सहा नमुन्यांच्या १५ जोड्या होतात, परंतु एक मध्यम नमुना कायम ठेवून इतर पाच त्याच्याशी ताडले तर बहुतेक काम होते. प्रत्येक जोडीसंबंधी ‘कोणता चांगला’ हा प्रश्न विचारू नये. ‘कोणता अधिक पिवळसर, कोणता अधिक लालसर’ हाच विचारावा, म्हणजे ‘-ट’ला वाव राहत नाही. झाक ओळखत नसेल तर नमुन्याखाली साधा कोरा पांढरा कागद धरावा. विरोध मिळाल्याबरोबर ती उघडी पडते. निवड दोनांवर आली की डब्यातील खरा रंग दोन हात देऊन हातभर-दोन हातभर मोठ्या पुठ्ठ्यावर लावावा आणि पुठ्ठा पांढरी कड राखून खोलीत हिंडवावा : खिडकीसमोरच्या भिंतीवर, खिडकीच्याच भिंतीवर (जी नेहमी अधिक काळी दिसते), कोपऱ्यात, जमिनीजवळ, सकाळी, दुपारी आणि दिवे लावल्यावर. जुन्या भिंतीवरच चौकोन रंगवून पाहण्याची जी सर्रास पद्धत आहे ती त्यामानाने सदोष होय, कारण तेथे जुना रंगच नव्याचा न्यायाधीश होऊन बसतो. कोपऱ्यात दोन पुठ्ठे काटकोनात समोरासमोर ठेवले तर परतणाऱ्या प्रकाशाचा गुणाकार थोडाबहुत तेथेच पाहावयास मिळतो. आणि दोन रंगांत तीन प्रहरांनंतरही फरक दिसत नसेल, तर नावे कितीही भिन्न असोत, त्या खोलीपुरता तो एकच रंग आहे असे समजून स्वस्त डबा घ्यावा. मात्र डब्याचा क्रमांक लिहून ठेवावा, कारण पुढील वर्षी एखादा डाग झाकावयाची वेळ आली म्हणजे ‘तो मोतियासारखा’ एवढ्या वर्णनावर दुकानदाराला काहीही देता येत नाही.